एकवीरेच्या पायथ्यापासून रेवदंड्याच्या बंदरापर्यंत : एक सहल, एक पाठ



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत एकच विषय असतो : यंदा सहल कुठे? आमच्याकडेही तेच झालं. आठवीच्या मुलांनी एकमुखाने वॉटर पार्कचं नाव घेतलं. पालकसभेत मी रेवदंड्याचं नाव काढलं तर एका पालकांनी सरळ विचारलं, "मॅडम, तिथे बघण्यासारखं आहे तरी काय? दुपारी तर सगळं गाव झोपलेलं असतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रेवदंडा हे निवांत गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, पडका कोट, खाडीत डुलणाऱ्या चार होड्या, ओट्यावर गप्पा मारणारी म्हातारी माणसं. पण तुम्हाला एक विचारते. आपल्या लोणावळ्याबद्दल बाहेरचा माणूस "धबधबा आणि चिक्की" एवढंच बोलला तर आपल्याला कसं वाटतं? गाव तेवढंच नसतं ना? मग दुसऱ्याच्या गावाकडे तरी आपण नीट बघायला शिकलोय का? हा प्रश्न घेऊनच आम्ही ही सहल ठरवली. तिची आखणी, त्यातून काय शिकवता आलं आणि माझं कुठे चुकलं, हे सगळं इथे देते आहे. तुमच्या शाळेला उपयोग होईल.

सहल रेवदंड्यालाच का?

मावळातल्या मुलांना समुद्र लांबचा वाटतो. खरं तर तो आपल्या उंबऱ्याशी येऊन गेलेला आहे. कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आपल्या मुलांनी दहा वेळा पाहिलेलं असतं. पण त्या खांबांवर काय कोरलंय, हे विचारलं तर सगळे गप्प. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, सोपाऱ्याहून आलेला भिक्षू आहे, आणि दूर वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा श्रेष्ठी भूतपालही आहे. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं जुनं बंदर. आता मुलांना विचारा : बंदरावरची माणसं डोंगरातल्या लेण्याला दान का देतात?

उत्तर नकाशात आहे. कोकणच्या बंदरांवर माल उतरायचा आणि बोरघाटासारख्या वाटांनी घाटावर चढायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटांच्या माथ्याशी आहेत. व्यापारी, बैलांचे तांडे आणि भिक्षू या भागातून जायचे. ज्या बंदरांचा या वाटांशी संबंध होता त्यातलं एक चौल. कान्हेरीच्या लेखांत ते 'चेमूल' म्हणून येतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या खलाशांच्या मार्गदर्शक पुस्तकात ते 'सेमिल्ला' म्हणून येतं. आणि चौलचंच खाडीच्या तोंडाशी असलेलं जुळं गाव म्हणजे रेवदंडा.

म्हणजे बघा, आपण ज्या रस्त्याने एसटीने खाली उतरणार होतो, तो नुसता सहलीचा रस्ता नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी मार्गाची ती आजची आवृत्ती होती.

वर्गातली तयारी : चार तासिका

सहलीआधी चार तासिका दिल्या. एवढ्या पुरतात.

*पहिली तासिका : नकाशा.* महाराष्ट्राच्या नकाशावर मुलांनी लोणावळा, खोपोली, पेण, अलिबाग, चौल, रेवदंडा अशा खुणा केल्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२५ मीटर उंचीवर आहे. "मग आपण किती खाली उतरणार?" एका मुलाने पटकन हिशेब केला, "सहाशे पंचवीस मीटर, मॅडम! समुद्राची उंची शून्य ना?" समुद्रसपाटी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासाठी जिवंत झाला.

*दुसरी तासिका : कालरेषा.* फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि चौल-रेवदंड्याचे टप्पे मांडले. मुलांच्या वहीतला तक्ता असा होता :

- इसवी सनाचं पहिलं शतक : 'पेरिप्लस'मध्ये बंदराचा उल्लेख.
- दहावं शतक : अरब प्रवासी अल मसुदीची भेट. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो.
- १४६९ च्या सुमारास : रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला.
- १५०८ : चौलच्या समुद्रात पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचं एकत्र आरमार यांची लढाई. पोर्तुगीज हरले.
- १५२१ : निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला.
- १७४० : वसईच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी रेवदंडा मराठ्यांकडे आला.

यातला निकितीन मुलांना फार आवडला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी हा माणूस एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. आणि पुढे कुठे गेला? आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरला! पावसाळाभर तो जुन्नरला राहिला. तिथल्या सुभेदाराने त्याचा घोडाच काढून घेतला होता, तो त्याला मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. आपल्याला बघायला लोक गोळा होतात, माझ्या गोऱ्या रंगाचं त्यांना नवल वाटतं, असं त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपटही निघाला, त्यात नर्गिस होती. आजीआजोबांना विचारून या म्हटलं, तर तीन जणांच्या घरी आठवण निघाली.

*तिसरी तासिका : भरतीचं गणित.* ही सुरक्षेची तासिका आहे, ती कधीही गाळू नका. कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

मुलांनी दिनदर्शिका घेऊन महिनाभराचं कोष्टक केलं. पूर्णांक-अपूर्णांकाचा गुणाकार असा कधी शिकवला होता का आपण? मग विज्ञान : भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा का येते? कारण चंद्रही पुढे सरकलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती मोठी आणि अष्टमीला भांगाची भरती लहान का? कारण सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते किंवा काटकोनात पडते. आम्ही मुद्दाम अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडला. मात्र ठोकताळा तो ठोकताळाच. वेळ पक्की करताना भरतीचं छापील वेळापत्रक पाहा आणि गावातल्या कोळीबांधवांना विचारा. पाण्यात कुणी उतरायचं नाही, हा नियम तर गणिताच्याही वरचा.

*चौथी तासिका : पाहुण्यांची यादी.* मुलांना विचारलं, "सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांची कोणती गोष्ट तुम्हाला खटकते?" झालं, वर्ग उसळला. रस्ते तुंबवतात. प्लास्टिक टाकतात. न विचारता फोटो काढतात. भुशी डॅमवर सांगूनही ऐकत नाहीत आणि मग आपल्याच गावची पोरं त्यांना काढायला धावतात. कार्ल्याजवळच्या एका मुलीने लिहिलं, "आमच्या गोठ्यापाशी आले की नाकाला रुमाल लावतात." चांगली बारा-पंधरा वाक्यांची यादी झाली. मी शाबासकी दिली, कागद फाईलला लावला. इथेच मी चुकले. ते पुढे सांगते.

प्रत्यक्ष रेवदंडा

पहाटे निघालो. बोरघाट उतरताना मुलांना रेल्वेचे बोगदे दाखवले. या घाटातली गाडी १८६३ साली सुरू झाली. खोपोलीला हवा बदलली तशी स्वेटरं निघाली. पेणच्या पुढे मिठागरं आणि खाड्या दिसायला लागल्या.

रेवदंड्यात शिरताना रस्ताच कोटाच्या भिंतीतून आत जातो. "मॅडम, आपण किल्ल्यात आलो? पण इथे तर घरं आहेत!" हो, घरं आहेत, वाड्या आहेत, विहिरी आहेत. सिंहगड-लोहगड बघितलेल्या मुलांना किल्ला म्हणजे डोंगर. हा किल्ला समुद्राच्या पातळीवर, आणि त्याच्या पोटात पोफळीच्या बागा. भिंतीआडून समुद्र दिसला तेव्हा निम्म्या वर्गाने पहिल्यांदा 'शून्य मीटर' पाहिलं.

आत उंच पडका मनोरा आहे, त्याला सातखणी म्हणतात. सात मजल्यांतले चारच उरलेत. तो मुळात फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा होता. आम्ही एक खेळ केला : मनोऱ्याची सावली मोजायची, मीटरपट्टीची सावली मोजायची आणि गुणोत्तराने उंची काढायची. पाच गटांची पाच उत्तरं आली. का आली, यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. सावलीचं टोक नेमकं कुठलं धरायचं, इथपासून.

मग निकितीनचं स्मारक पाहिलं. ते एका शाळेच्या आवारात आहे, ही आमच्या मुलांना मोठी गंमत वाटली. कुणाच्या शाळेत रशियन व्यापाऱ्याचं स्मारक असतं का? गावात बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉगही आहे. या समाजाचे पूर्वज कोकण किनाऱ्यावर आले, तेल गाळायचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. जवळच चौलला रामेश्वराचं देऊळ आहे. एवढ्याशा अंतरात देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग. मी भाषण केलं नाही. "ही सगळी माणसं इथे का आली असतील?" एवढंच विचारलं. मागच्या रांगेतला, एरवी कधी हात वर न करणारा मुलगा म्हणाला, "बंदर म्हणजे पूर्वीचं एसटी स्टँड." याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

आणि मग हे स्टँड ओस का पडलं? खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं आत येईनात. शेजारी मुंबई वाढली, व्यापार तिकडे गेला, इथले रेशीम विणकरही तिकडे गेले. गाव निवांत झालं. आपण 'निवांत' म्हणून ज्याचं कौतुक करतो, त्यामागे कधीकाळी गेलेली रोजीरोटी असू शकते, हे मुलांना जरूर सांगा.

माझं चुकलं ते इथे

दुपारी कोळीवाड्याच्या बाजूने चालत होतो. बांबूवर बोंबील वाळत होते, खाली जवळा पसरलेला. वास होताच. पाच-सहा मुलांनी नाकाला रुमाल लावले. कुणीतरी "शी!" केलं, सगळे हसले. एकाने मोबाईल काढून तिथे बसलेल्या मावशींचा फोटो काढला. मोबाईल आणायचा नाही असं ठरलं होतं, तरी.

मावशी उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "बाई, पोरं कुठली तुमची?"

मी मान खाली घालून म्हटलं, "मावळातली. कार्ला, लोणावळा."

"कार्ल्याची? म्हंजे आईच्या पायथ्याची पोरं!" त्या क्षणभर थांबल्या. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "आमी दर चैत्राला येतो रे तुमच्या गावाला. आईच्या पालखीला. तुमच्या दारावरून नाचत जातो. तेवा पन तुमी असाच रुमाल लावता काय?"

कुणी बोललं नाही. रुमाल लावलेल्यांत गोठ्याचं वाक्य लिहिणारी मुलगीही होती. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. तिनेच पुढे होऊन "मावशी, चुकलं" म्हटलं. फोटो काढणाऱ्याने फोटो पुसला आणि त्यांना दाखवला.

पुढची पाऊण तास मावशींनी शाळा घेतली. बोंबील किती दिवस वाळवायचे, पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा याच सुक्या मासळीवर घर कसं चालतं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या का जात नाहीत, नारळी पौर्णिमेला काय करतात. नांगर, शीड, सुकाणू, वल्हं, तांडेल, नाखवा हे शब्द मुलांनी त्यांच्याकडूनच वहीत उतरवले. निघताना त्या म्हणाल्या, "चैत्रात येन तेवा पानी द्या म्हातारीला."

मुलांची चूक होतीच. पण मोठी चूक माझी. लोणावळ्याच्या पर्यटकांची यादी मी करून घेतली आणि फाईलला लावली. "आता या यादीत 'पर्यटक' खोडून 'आम्ही' लिहा आणि वाचा," एवढं एक वाक्य मी वर्गात बोलायला हवं होतं. दुसऱ्याला नावं ठेवायला मुलांना शिकवावं लागत नाही. त्याच जागी स्वतःला उभं करायला मात्र शिकवावं लागतं. तुम्ही ही चूक करू नका.

खाडीपलीकडची भाषा

कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. डोंगरावर किल्ला, दीपगृह आणि पायथ्याशी गाव. इथला ख्रिस्ती समाज घरात एक वेगळीच बोली बोलतो. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बरेचसे पोर्तुगीज. पण १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, माणसं इथेच राहिली, आजूबाजूला सगळी मराठी. मग काय झालं? पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येतं, या बोलीत ते मराठीसारखं शेवटी यायला लागलं. कपडे पोर्तुगीज, चाल मराठी! बोलणारे उरलेत जेमतेम हजाराच्या आसपास.

अशा भाषा जगभर बंदरांवर जन्मल्या. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं बेट आहे. क्रालेन्डाइक हे तिथलं छोटंसं, संथ बंदरगाव. तिथली माणसं पापियामेंतू बोलतात. तीही पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांच्या सरमिसळीतून घडलेली. फरक एवढाच, की पापियामेंतू तिथे शाळेत शिकवली जाते, वर्तमानपत्रांत छापली जाते. कोर्लईची बोली मात्र घरातच राहिली. मुलांना विचारा : भाषा टिकायला काय लागतं? आमच्या वर्गात एका ठाकर वाडीवरच्या मुलाने हळूच सांगितलं, "मॅडम, आमची बोली मी शाळेत बोलत नाही." त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा परिपाठात एक शब्द त्याच्या बोलीतला असतो. सुरुवातीला तो लाजायचा, आता बाकीचे त्याच्या मागे लागतात.

परत आल्यावर : तुमच्या वर्गासाठी उपक्रम

१. *दोन गावांचा तक्ता.* आपलं गाव आणि रेवदंडा : उंची, पाऊस, पीक, व्यवसाय, देवस्थान, बाहेरून येणारी माणसं. साम्य आणि फरक.

२. *भरतीचं कोष्टक.* पुढच्या महिन्याच्या सर्व तिथींची भरती-ओहोटी काढा. वेळापत्रकाशी ताडून फरक लिहा.

३. *निकितीनचं पत्र.* चौलला उतरलेल्या परदेशी व्यापाऱ्याने घरी लिहिलेलं पत्र, पंधरा ओळी. घाट चढतानाचं वर्णन आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

४. *शब्दकोश.* समुद्राचे वीस शब्द आणि आपल्या भातशेतीचे वीस शब्द. एकमेकांच्या गावच्या शाळेला पाठवा.

५. *कार्ल्याला पुन्हा भेट.* या वेळी खांबांपाशी थांबून. दान कुणी, कुठून दिलं? चैत्यगृहाच्या छताला अजून जुन्या लाकडी कमानी आहेत, त्याही दाखवा.

६. *'आम्ही' यादी.* पर्यटकांबद्दलच्या तक्रारी लिहा, मग 'पर्यटक' खोडून 'आम्ही' लिहा. ही मात्र सहलीच्या आधी करा!

पालकांसाठी दोन शब्द

सहलीचे पैसे भरताना "मजा येईल ना?" हे विचाराच. पण मूल परत आल्यावर "काय काय बघितलंस?" एवढ्यावर थांबू नका. "कुणाशी बोललास?" हे विचारा. वॉटर पार्क वाईट नाही, पण तिथे मूल गिऱ्हाईक असतं. निवांत गावात गेलं की ते पाहुणं असतं, आणि पाहुणं होणं शिकावं लागतं. उद्या आपली मुलं शिकायला, नोकरीला कुठल्या कुठे जातील. तिथे हेच उपयोगी पडणार आहे.

चैत्र आला. शुद्ध सप्तमीच्या पालखीला दरवर्षीसारखी किनाऱ्यावरची गर्दी लोटली. आमच्या आठवीच्या पंधरा मुलांनी गडाच्या पायथ्याशी पाण्याचे माठ आणि पेले घेऊन दिवसभर उभं राहायचं ठरवलं होतं. मी सांगितलं नव्हतं. मावशी त्या गर्दीत होत्या की नाही, आम्हाला दिसल्या नाहीत. पण रेवदंड्याच्या, चौलच्या, कोर्लईच्या कितीतरी माणसांनी पाणी प्यायलं. गोठ्याचं वाक्य लिहिणारी ती मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "कुठून आलात? समुद्रावरनं?"

तुमच्या शाळेजवळची अशी जुनी वाट कोणती? ती कुठल्या बंदराला जाते? शोधा, मुलांना घेऊन जा, आणि तुमचा अनुभव नक्की लिहा.